वाटा लग्नातच दिला, असे म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मामांनी तिला हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बोलावले होते आणि सोबत कोणती कागदपत्रे न्यायची, एवढेच तिला विचारायचे होते. सही करावी की करू नये, हा प्रश्न तिच्या मनात उरलाच नव्हता, कारण ‘महाराष्ट्रातील मुलींचे मालमत्तेतील हक्क : खरी कायदेशीर माहिती’ अशा भारदस्त मथळ्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश तिने तीन-चार वेळा वाचला होता. तो यापूर्वी मलाही दोन वेगवेगळ्या गटांतून आला होता आणि मी तो न वाचताच पुसला होता, याची आता लाज वाटते.

संदेशाचे म्हणणे असे : हुंडा, दागिने आणि लग्नाचा खर्च या रूपाने मुलीला तिचा वाटा मिळालेलाच असतो, २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क नाही, वडील ९ सप्टेंबर २००५ पूर्वी वारले असतील तर कोणत्याच मुलीला नाही, सात-बाऱ्यावर नाव नसेल तर हक्कही नाही, आणि मुलीला दिलेली जमीन शेवटी जावयाच्या घराण्यात जाते. मावशीचे लग्न १९८१ मधले आणि आजोबा गेले १९९८ मध्ये, म्हणजे या हिशेबाने तिचा हक्क दोनदा बुडाला होता.

आधी तारखांचे पाहू, कारण त्या खऱ्या आहेत आणि म्हणूनच फसवतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क दिला आणि त्यातून त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले, हे मान्य करावे लागते. परंतु २००५ मध्ये संसदेने मूळ कायद्याचे कलम ६ बदलले आणि त्यात लग्न झालेली व न झालेली असा भेदच ठेवला नाही. अकरा वर्षे लागू असलेली अट आजही लागू असल्यासारखी सांगणे ही खोडसाळ चूक आहे. वडील २००५ मध्ये हयात असले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एका निकालात म्हटले होते खरे. पण विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द ठरवले. हक्क जन्माने येत असेल तर तो वडिलांच्या मृत्यूच्या तारखेवर अवलंबून कसा राहील, इतका साधा तो तर्क आहे. मुख्य अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटणीचा. ‘आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती’ हे म्हणणेही सहजासहजी मान्य करू नये, असे त्याच निकालात बजावले आहे.

आता हुंड्याचा मुद्दा, जो वाचून मला हसू आले आणि नंतर संताप. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार असतो आणि त्यासाठी सामान्यतः किमान पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. म्हणजे ‘वाटा हुंड्यात दिला’ असे लेखी सांगणारा भाऊ बहिणीचा हक्क नाकारताना घराण्याच्या गुन्ह्याची कबुलीच देत असतो. शिवाय तो हुंडा गेला कुणाकडे? सासरच्यांकडे. तो वधूच्या स्वाधीन केला पाहिजे असे हाच कायदा सांगतो, पण मावशीच्या हाती त्यातले काहीही आले नाही. तिला मिळाले ते चार दागिने, जे तिचे स्त्रीधन होते आणि तिच्या सासऱ्यांच्या आजारपणात मोडले गेले. दुसऱ्याच्या घरी गेलेल्या पैशाची पावती तिच्या नावावर कशी फाडता येते? लग्नाचा खर्च वाट्यातून वजा करण्याची तरतूद उत्तराधिकार कायद्यात नाही. असतीच, तर मामांचे लग्न, त्यांचे वसतिगृह आणि त्यांच्या दुकानासाठी आजोबांनी दिलेले भांडवल यांचाही हिशेब मांडावा लागला असता. तो कुणी कधी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. सात-बारा हा महसुली अभिलेख आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने ती नष्टही होत नाही. जावयाची भीतीही अशीच पोकळ आहे : आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मुलगी मृत्युपत्र न करता निपुत्रिक वारली तर, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार पतीकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. मुले असतील तर वारसा त्यांना आणि पतीला मिळतो, पण मुलाची मालमत्ता तरी सुनेला आणि नातवंडांनाच मिळत नाही काय?

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. स्वकष्टार्जित मालमत्ता वडील मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात आणि मुलीला पूर्णपणे वगळूही शकतात. संदेशात नेमके हेच नाही. त्याचप्रमाणे कलम २ नुसार हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, ही राज्यातील आदिवासी स्त्रियांच्या बाबतीतली खरीखुरी उणीवही ‘महाराष्ट्रातील मुलींचे हक्क’ सांगणाऱ्या या लेखकाला दिसलेली नाही.

खोट्या माहितीवर विसंबून भांडण हरले तर अपील करता येते, परंतु स्वखुशीने केलेले आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याचा भार सही करणारीवरच पडतो. मावशीला मी एवढेच सांगितले की हक्क सोडायचा तर खुशाल सोड, तो तुझा आहे. पण नसलेला समजून सोडू नकोस. तिने मामांकडे २००४ पूर्वीच्या वाटणीचा नोंदणीकृत दस्त मागितला. उत्तरादाखल त्यांनी तिला तोच संदेश पुन्हा पाठवला आहे.