बेळगावात अमेरिका शोधू नका

१ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं : ‘बेळगावात मराठी माणसाला अमेरिकेतल्या काळ्यांसारखं वागवतात.’ लिहिणारा टिळकवाडीतल्या स्वतःच्या बंगल्यातून लिहितो. यंदा मी हरकत घेतली, तर म्हणाला, ‘मर्दा, तू डॉलर मोज. तुला सीमाभागाचं काय?’

१९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं. त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत माझे आजोबा दंडाला काळी फीत बांधून चालायचे. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये केलेला दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, मराठीत कागद मागितला तर साहेब कपाळाला आठ्या घालतो, सगळं खरं. पण हा भाषेचा झगडा. वंशभेद बघायचा तर डेट्रॉइटला ये, गाडी मी काढतो.

तिथल्या एट माईल रस्त्याच्या दक्षिणेला घरांच्या परसामागून एक भिंत जाते. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. काळ्यांची वस्ती लगत म्हणून गोऱ्यांसाठीच्या नव्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळेना. १९४१ साली बिल्डरनं भिंत घातली आणि कर्ज सुटलं. पुढं शहर आणि उपनगरांतली मुलं एकमेकांच्या शाळांत पाठवायची योजना निघाली, ती सुप्रीम कोर्टानं १९७४ मध्ये हाणून पाडली. उपनगरांच्या शाळा उपनगरांकडेच राहिल्या. मी नोव्हाय या उपनगरात घर घेतलं ते त्या शाळांचं रेटिंग बघूनच. कोण घेत नाही?

त्याआधी सिंगापूरला होतो. तिथं सरकारी घरांच्या इमारतींत चिनी किती, मलय किती, भारतीय किती, हे १९८९ पासून ठरलेलं. तरी भाड्याच्या जाहिरातीत ‘भारतीय नकोत’ वाचायला मिळे. माझं डोकं फिरलं होतं, आणि ग्रुपवर माझ्या बाजूनं सगळ्यात जास्त तावातावानं बोलला तो हाच टिळकवाडीकर.

आता आमची बेळगावातल्या शहापूरची गल्ली. कानडी-मराठी घरं भिंतीला भिंत लावून. शेजारीण कानडीत भांडायची, आई मराठीत उत्तर द्यायची, भांडण कधी भाषेवाचून अडलं नाही. पण त्या गल्लीत दलिताचं एकही घर नव्हतं, आणि ते ना कानड्यांना खटकलं ना आम्हाला. इथं मात्र दोन्ही राज्यांचं एकमत! निपाणीत १९२५ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली, तेव्हा तो मुलूख मुंबई इलाख्यात होता. १९५६ ला राज्य बदललं. गावकुसाबाहेरचे मात्र बाहेरच राहिले, आणि त्यासाठी कुणी काळी फीत बांधली नाही.

इथं अमेरिकेत मला कुणी काळ्यांत धरत नाही, गोऱ्यांत तर नाहीच. ही मधली जागा मला सोयीची वाटते. खरं सांगायचं तर शहापुरातही मी तिथंच होतो. म्हणून बेळगाव सुटलं असं मला कधी वाटत नाही, आणि कधीकधी त्याचंच वाईट वाटतं.

त्या टिळकवाडीकराच्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा आहे. ‘शाकाहारी कुटुंबालाच’ अशी जाहिरात त्यानं ग्रुपवरच टाकली. ‘आपल्यातलेच बघ’ हे मला फोनवर सांगितलं.