आधी वाक्य ठरवा, मग हाक मारा

तिचं नाव मी इथे लिहिणार नाहीये. कारण मला टाइप करताना शब्द तोंडाने पुटपुटायची सवय आहे, आणि ती इथून चार हातांवर शेल्फवर बसलीये, नाव कानावर पडलं की तिचा दिवा लागतो आणि मग पुढे मी जे काय बोलेन त्याचा ती अर्थ लावते. तिने लावलेले अर्थ आम्ही गेलं वर्षभर निस्तरतोय. म्हणून आपण तिला नुसतं बाई म्हणूया. कंपनीचं नाव पण जाऊ दे, कंपनीची काही चूक नाहीये, चूक कुणाची ते पुढे येईलच.

बायकोला ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये ही लागली, ही म्हणजे बोललेलं ऐकून कामं करणारा स्मार्ट स्पीकर. पहिला आठवडा आम्ही सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून बसायचो आणि बाहेर पाऊस पडतोय का विचारायचो. खिडकी उघडीच असायची, पाऊस दिसत असायचा, तरी विचारायचो. मग तिचं घड्याळ झालं. किती वाजले, अलार्म लाव, बास. हे मला सहन होईना. घरात एखादी वस्तू आहे म्हटल्यावर तिच्याकडून पुरेपूर काम करून घेतलं पाहिजे हा माझा जुना आजार आहे, मी रिमोटवरची सगळी बटणं एकदा तरी दाबून बघितलेला माणूस आहे. तर म्हटलं आता घरातले दिवे, पंखा, टीव्ही सगळं आवाजावर घेऊ, सोफ्यावरून उठायलाच नको.

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. मी म्हणालो की बाई, हॉलमधला... आणि अडकलो. कारण मला पुढे 'कोपऱ्यातला छोटा दिवा जरा मंद कर' असं म्हणायचं होतं, पण मंदला काय म्हणावं ते आठवेना, कमी म्हणावं की अर्धा म्हणावं, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून 'ते हे, बंद नको' असं काहीतरी निघालं. बाईने त्यातलं 'हॉल' आणि 'बंद' एवढं उचललं. दिवे गेले, पंखा गेला, टीव्ही गेला. टीव्हीवर आईची मालिका होती आणि नेमकं कोण कुणाचा मुलगा ते कळणार होतं. अंधारात आई एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी बोलायला सुरुवात करतो तेव्हा वाक्याचा शेवट काय होणार हे मला माहीत नसतं. चाळीस वर्षं मी असाच बोलतोय. माणसं थांबतात, हं हं करतात, एखादा शब्द पुरवतात, आपलं चालून जातं. बाई थांबत नाही. मग मी तिचं सगळं शास्त्र वाचून काढलं (पुरेपूर!). डब्यात एक छोटासा प्रोग्राम असतो, तो दिवसभर फक्त स्वतःच्या नावाची वाट बघत बसलेला असतो, बाकी काही त्याला कळत नाही. नाव ऐकल्यासारखं वाटलं की दिवा लागतो आणि त्यानंतरचा आवाज सहसा इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरांकडे जातो, तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांवरून ह्याला काय हवंय याचा अंदाज बांधला जातो, आणि उत्तर परत येतं. हे सगळं एकदोन सेकंदांत. आणि तुमचं बोलणं संपलं हे तिला कशावरून कळतं? तर तुम्ही गप्प झालात यावरून. म्हणजे मी विचार करायला थांबतो तिथे तिच्या मते माझं वाक्य पूर्ण होतं. माझी निम्मी वाक्यं तिच्या हिशोबाने 'अं' ला संपतात.

त्यात आमच्या बाईला मराठी येत नाही. हिंदी येतं, इंग्लिश येतं. म्हणजे मी मराठीत विचार करणार, हिंदीत बोलणार आणि ती इंग्लिशमध्ये सॉरी म्हणणार.

आता गंमत बघा. आईचं ती सगळं ऐकते. पहिल्यापासून. आईने हिंदी सुधारलं नाही की इंग्लिश शिकली नाही, तिने दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द तेवढे निवडून घेतले. "पंखा बंद." हे मराठी पण आहे आणि हिंदी पण आहे. "टीव्ही चालू." "आवाज कम", इथे फक्त एक वेलांटी सोडून दिली. नाव, वस्तू, काम, खलास. ना अगं ना जरा ना प्लीज. मी तिला म्हटलं, आई तुला जमतं कसं? तर म्हणाली, "मला काय पाहिजे ते मला माहीत असतं."

हे लागलं मला.

मग जागेचं प्रकरण. मी बाईला सुरुवातीला टीव्हीशेजारी कोपऱ्यात अगदी भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, वायर तिथेच पोचत होती म्हणून. ते चूक. भिंतीवर आदळून आवाज परत येतो, तिला लांबचं ऐकायचं असतं. अॅमेझॉनने २०१४ साली एको नावाचा असलाच पहिला स्पीकर आणला तेव्हा त्यात तब्बल ७ माइक बसवले होते, कशासाठी तर प्रत्येक माइकपर्यंत आवाज पोचायला जो किंचित मागेपुढे वेळ लागतो त्यावरून माणूस कुठल्या बाजूने बोलतोय ते ताडायचं आणि त्या बाजूला कान द्यायचा. सात सात कान. आणि आपण ते भिंतीला लावून ठेवणार. म्हणून चहूबाजूंनी निदान वीतभर जागा सोडायची आणि टीव्हीपासून लांब ठेवायचं. टीव्हीपासून तर ठेवाच. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला बातम्यांमध्ये सांगत होते की एका लहान मुलीने असल्या स्पीकरशी बोलता बोलता बाहुलीचं घर मागवलं, आणि निवेदकाने ते वाक्य मोठ्याने उच्चारलं तर बघणाऱ्यांच्या घरचे स्पीकर जागे होऊन बाहुलीची घरं मागवायला निघाले अशा तक्रारी आल्या. आमच्याकडे एवढं मोठं काही झालं नाही, फक्त मालिकेतली सासू सुनेवर ओरडली की बाई "सॉरी" म्हणायची. आईला ते आवडायचं. तरी मी सेटिंगमध्ये जाऊन खरेदीला पिन लावून टाकला, आणि हे एक काम मात्र प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करा.

दिव्यांचं सांगायचं तर ते वायफायचे बल्ब. बऱ्याच बल्बना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय लागतं, आमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने चालू होती आणि फोन ५ वर जाऊन बसायचा, त्यात माझा एक रविवार गेला, तो सोडून देतो. खरं दुखणं वेगळंच. बल्ब आवाजावर चालायचा असेल तर भिंतीवरचं बटण कायम चालू पाहिजे, वीजच नाही पोचली तर बल्ब ऐकणार कुठून. आणि आई आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करत आलेली. तिला मी समजावलं. तिने मान डोलवली आणि बटण बंद केलं. मी बटणावर चिकटपट्टी लावली. तिने ती सोलून काढली, नीट घडी करून माझ्या हातात दिली, "बटणाला काहीतरी चिकटलं होतं."

मग नावं. बल्ब तीन, मी त्यांची नावं ठेवली होती हॉल लाइट, हॉल लॅम्प आणि हॉल छोटा लाइट. बाईचा रोज गोंधळ, ह्यातला कुठला? लेक बारा वर्षांची आहे, ती म्हणाली बाबा नावं एकमेकांसारखी नसावीत आणि छोटी असावीत, सोप्पंय. आणि तिने कोपऱ्यातल्या दिव्याचं नाव ठेवलं राजू आणि टेबलावरच्याचं मोना. चालायला लागलं हो, एकदम झकास! फक्त एके दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर होतो आणि मागून आईचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "मोना बंद. राजू चालू. राजू पचास." आमचे साहेब बराच वेळ काही बोललेच नाहीत.

रुटीन म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे एक वाक्य बोलायचं आणि चार कामं एकदम. मी 'गुड नाइट' ला सगळे दिवे बंद, आवाज कमी, सकाळी ६ चा अलार्म असं लावलं. खूप अभिमान वाटला मला त्या दिवशी. बायको रात्री नऊला बहिणीशी फोनवर बोलत होती, मध्येच बाईचं नाव निघालं कारण बहीण विचारत होती की तुमच्याकडची ती कशी आहे, आणि बायकोने नाव घेऊन सांगितलं की ती ना, बरं चल गुड नाइट. लेक अर्धं गणित वहीत आणि अर्धं अंधारात. रुटीनला असं वाक्य द्यावं जे माणूस चुकूनही बोलणार नाही, हे मला तेव्हा समजलं. आता आमचं झोपायचं वाक्य आहे 'दुकान बढाओ'. आमचं दुकान नाही.

हे सगळं होऊनही माझी मूळ पंचाईत तशीच. मी हाक मारायचो आणि अडकायचो. मग मी चिठ्ठ्या लिहायला लागलो. खरंच. सोफ्यावर बसून आधी कागदावर लिहायचं, 'राजू को तीस परसेंट करो', मनात दोनदा म्हणायचं आणि मग हाक. बायको म्हणाली, "पत्र वाचून दाखवतोयस का तिला?" एका रात्री वाचलं की बाईशी कुजबुजून बोललं तर ती पण कुजबुजून उत्तर देते, तशी सोय असते सेटिंगमध्ये. म्हणून दोन वाजता उठून करून बघितलं. ती कुजबुजली. बायको जागी झाली. तो भाग पण सोडून देतो.

मला कधी कधी वाटतं की ह्यापेक्षा ते रेडिओ रेक्स बरं होतं. १९२० च्या दशकात एक खेळणं निघालं होतं, छोटासा कुत्रा त्याच्या घरात बसलेला, 'रेक्स' म्हटलं की टुणकन बाहेर. आत ना कॉम्प्युटर ना इंटरनेट, एक स्प्रिंग आणि तिला धरून ठेवणारं विजेचं चुंबक, 'रेक्स' मधल्या 'ए' च्या आवाजात साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास जोर असतो त्याने सर्किट थरथरून तुटायचं आणि कुत्रा सुटायचा. त्याला एकच शब्द कळायचा, किंवा तोही कळायचा नाही, पण चुकून कळला तरी तो फक्त बाहेर यायचा, मालिका बंद करायचा नाही. नंतर १९५२ ला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेने ऑड्री नावाचं यंत्र केलं, त्याला शून्य ते नऊ आकडे ओळखू यायचे, पण ज्याच्या आवाजावर बसवलंय त्याचेच नीट, आणि तेही प्रत्येक आकड्यानंतर थांबून बोलला तर. थांबून! माझ्यासारख्यांसाठी तेच यंत्र योग्य होतं, आणि ते बंद पडलं.

तर गेल्या आठवड्यात लेकीने दाखवलं की फोनवरच्या अॅपमध्ये आपण बाईला आजवर जे जे बोललो त्याचं रेकॉर्डिंग असतं, ऐकता येतं, पुसता पण येतं. रात्री सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावून बसलो. माझी रेकॉर्डिंग ऐकली. "हॉलमधला... अं." "ते आपलं... नाही नाही." "सुनो, वो जो... हां..." अशी पानंच्या पानं. एकात तर मी नुसता श्वास घेतलाय. मध्ये मध्ये आई, "पंखा बंद", "राजू चालू", प्रत्येकी दोन सेकंद.

आणि एक होतं आईचंच, पण जरा लांब, बुधवारी दुपारचं. बाईला स्वतःचं नाव ऐकल्याचा भास झाला असणार, आई फोनवर मावशीशी बोलत होती. अॅपने त्याचं हिंदीत काहीतरी अगम्य लिहून ठेवलं होतं, 'एक वक्त एकी काम शाम नाव घाव', म्हणून मी आवाज वाढवून ऐकलं. आई सांगत होती, "एका वेळी एकच काम सांगायचं. नाव घेऊन सांगायचं, मोघम बोलायचं नाही. आणि झालं की नाही ते मागाहून आपण स्वतः जाऊन बघायचं."

मला भरून आलं. म्हटलं बघा, ह्या वयात आईने यंत्र कसं अचूक ओळखलं, कंपनीने माहितीपुस्तिकेत हेच छापायला पाहिजे. लेकीला उठवून ऐकवावं असं पण मनात आलं.

रेकॉर्डिंग अजून चार सेकंद शिल्लक होतं.

"सुनेला मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, तेव्हापासून तिला त्याचा काही त्रास नाही."

रेकॉर्डिंग पुसून टाक असं तोंडाने सांगितलं तरी बाई पुसते म्हणे. मी बोटानेच पुसलं.