वर्गाचे दार आधी मुख्याध्यापकांनी उघडावे

शाळा सुधारायची म्हटली की चर्चा लगेच इमारतीकडे, डिजिटल फळ्याकडे, नव्या अभ्यासक्रमाकडे किंवा निकालाच्या टक्केवारीकडे वळते. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु अभ्यासक्रम तोच, पैसा तेवढाच आणि शिक्षकांची पात्रताही सारखीच असताना एक शाळा वर्षागणिक सुधारत जाते आणि दुसरी जागची हलत नाही, याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो शिक्षक-खोलीत होतो. ‘अपूर्णांक शिकवून झाले, पण निम्म्या मुलांना ते कळलेले नाहीत’ असे एखाद्या बाईंनी सहकाऱ्यांसमोर सांगितले, तर पुढे काय घडते? ‘मुले मागच्या वर्गातूनच कच्ची येतात’ असे म्हणून विषय संपतो, की कोणी तरी वह्या पुढ्यात ओढून मुले नेमकी कुठे अडली ते पाहू लागतो? शाळेची संस्कृती या प्रसंगात दिसते आणि ती बदलण्याचे काम मुख्याध्यापकांपासून सुरू होते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावरील आपल्या अभ्यासात शाळेच्या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती. प्रत्येक शिक्षक आपापल्या खणात सुरक्षित आणि एकटा असतो. हा एकटेपणा स्वभावातून आलेला नाही, तो व्यवस्थेने घडवलेला आहे. शिक्षकाच्या वर्गात दुसरे कोणी येते ते बहुधा तपासणीसाठीच. मागच्या बाकावर बसून पाहुणे शेरा लिहितात : ‘वर्गनियंत्रण चांगले. फळ्याचा वापर योग्य. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ हा शेरा कोणत्याही विषयाच्या कोणत्याही तासाला चालतो, आणि म्हणूनच त्यातून कोणीही काही शिकत नाही. शिक्षक मात्र एवढे नक्की शिकतो की कोणी पाहायला येणार असेल, तर मुलांना आधीच येत असलेला पाठ घ्यावा.

जपानमध्ये शतकाहून अधिक काळ रुजलेली पाठ-अभ्यासाची पद्धत मला या बाबतीत फार मोलाची वाटते. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांतला एक जण तो वर्गात घेतो आणि बाकीचे पाहतात, पण शिक्षकाकडे नव्हे, तर मुलांकडे. एखादी मुलगी एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा ठरवते, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. शेजारच्या मुलाचे उत्तर बरोबर येते, पण ते त्याने फळ्यावरून उतरवलेले असते. फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला हे दिसणे जवळजवळ अशक्य असते, बाकाशेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला ते सहज दिसते. तासानंतरची चर्चा ‘सर कसे शिकवतात’ यावर न होता ‘मुलगी असा विचार का करते’ यावर होते आणि पाठ सगळ्यांनी मिळून रचलेला असल्यामुळे त्यातली उणीव एकट्याच्या माथी येत नाही.

आता हीच पद्धत परिपत्रक काढून सोमवारपासून सक्तीची केली, तर काय होईल हे शाळेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे : नोंदवही भरली जाईल, फोटो काढले जातील आणि वर्गाचे दार पुन्हा बंद होईल. दार उघडायला विश्वास लागतो. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर या अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकात शिकागोतील प्राथमिक शाळांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००२ साली निष्कर्ष मांडले. परस्परविश्वास भक्कम असलेल्या शाळांत वाचन व गणितात सुधारणा होण्याची शक्यता दोनात एक होती. तो दुबळा असलेल्या शाळांत ती सातात एक होती. मात्र विश्वासाचा अर्थ गोडीगुलाबी असा त्यांनी लावलेला नाही. आदर, आपुलकी आणि सचोटी यांच्याबरोबर कामातील क्षमता हाही त्यांच्या मते विश्वासाचा घटक आहे. सातत्याने तास बुडवणाऱ्याकडे मुख्याध्यापक काणाडोळा करतात, तेव्हा मन लावून शिकवणाऱ्यांचा त्यांच्यावरचा विश्वास उडतो. ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चांत फार क्वचित बोलली जाते, कारण ती अवघड आहे.

न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली शालेय नेतृत्वाविषयीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. विद्यार्थ्यांच्या शिकण्याशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याशी आणि त्यात मुख्याध्यापकांनी स्वतः सहभागी होण्याशी. म्हणूनच पाठ-अभ्यासाचा पहिला तास मुख्याध्यापकांनी घ्यावा असे मी आग्रहाने म्हणतो. तोही आवडीचा नव्हे, तर मुलांना दरवर्षी जड जाणाऱ्या घटकाचा. मागे सहकारी उभे असावेत आणि नंतरच्या चर्चेत मुख्याध्यापकांनी स्वतःची बाजू न मांडता आधी ऐकून घ्यावे.

यासाठी वेळापत्रकात जागा हवी. शाळा सुटल्यावर थकलेल्या शिक्षकांना थांबवून ही चर्चा होत नाही. ज्या शिक्षकांनी एकत्र बसायचे त्यांचे मोकळे तास एकाच वेळी यावे लागतात, आणि त्यासाठी माहितीचे तक्ते भरण्यासारखे एखादे काम सरळ बंद करावे लागते. शिवाय मुख्याध्यापक बदलून गेले की बहुतेक शाळांत हे सारे थांबते. त्यामुळे पाठ-अभ्यासाची सूत्रे पहिल्या वर्षापासूनच दोन-तीन अनुभवी शिक्षकांकडे असावीत आणि नव्या मुख्याध्यापकांना पदभार देताना हजेरीपट व हिशेबाच्या वह्यांबरोबर पुढच्या पाठाची तारीखही संस्थाचालकांनी त्यांच्या हाती द्यावी.