परक्याला दारातच कसे थोपवावे

रविवारची चर्चमधली मराठी उपासना संपून आवारात चहा सुरू झाला की मागच्या बाकावरचा आफ्रिकी विद्यार्थी तुमच्याकडे येईल. खोली मिळेल का, विचारेल. गडबडू नका. "प्रार्थनेत आठवण ठेवतो" म्हणा आणि गरम कप त्याच्या हातात द्या. हात भाजत असले की माणूस पुढचं विचारत नाही.

तरी विचारलंच, तर दोन वाक्यं घोटून ठेवा. निर्वासितांसाठी कायदा हवा का, असा विषय निघाला की म्हणायचं, "येशूने दया माणसाला सांगितली, सरकारला नाही." आणि कुणी तुमच्या गच्चीवरच्या रिकाम्या खोलीकडे बोट दाखवलं की, "हे काम सरकारचं, आपण कोण?" दोन्ही वाक्यं एकाच माणसासमोर एकाच दिवशी वापरू नयेत, एवढंच पथ्य. एरवी ही जोडी जन्मभर पुरते.

म्यानमारहून मिझोराममध्ये आलेल्या चिन जमातीच्या ख्रिस्ती लोकांसाठी वर्गणी मागायला कुणी आलं, तर नागरिकत्व कायद्याची 2019ची दुरुस्ती पुढे करा. नागरिकत्व कुणाला, या तिच्या यादीत ख्रिस्ती आहेत. पण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातले, 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले. चिन लोक बंधू आहेतच, फक्त यादीत नाहीत.

वचनांची निवड नीट करावी. रोमकरांस 13, म्हणजे अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, पाठच हवा. मत्तय 25:35, म्हणजे "मी भुकेला होतो, मी परका होतो", वाचायची पाळी आली तर भुकेल्यावर जोर द्या आणि परक्यावरून भरभर पुढे जा. मरिया-योसेफाचं रातोरात मिसरला पळणं नाताळच्या नाटकापुरतं ठीक. त्यांच्याकडे कागदपत्रं होती का, असं संडे स्कूलमधलं एखादं कार्टं विचारतंच. त्याला मेंढराची भूमिका द्यावी.

खरा धोका लूकच्या 10व्या अध्यायात, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलून नेणाऱ्या शोमरोन्याच्या गोष्टीत आहे, कारण तिथे खर्च लिहून ठेवलाय. तेल, द्राक्षारस, स्वतःचं जनावर, उतारशाळेवाल्याला दोन दीनार आणि वर "जास्त लागलं तर परत येताना देईन". दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोन दिवसांची कमाई आणि शिवाय उघडं खातं! यावर उपाय जुना आहे: उतारशाळा म्हणजे ख्रिस्ती मंडळी, तेल म्हणजे पवित्र आत्मा, असा अर्थ लावत जावं. अर्थ जितका खोल, खर्च तितका कमी.

आधुनिक आधार हवा असेल तर अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स आहेत. जानेवारी 2025मध्ये त्यांनी प्रेमाची उतरंडच लावून दिली: आधी घर, मग शेजार, मग देश, उरलंसुरलं जगाला. फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी तिथल्या बिशपांना पत्र लिहून शोमरोन्याची आठवण करून दिली. तुम्ही प्रोटेस्टंट असाल तर पोपचं ऐकायचं कारण नाही. कॅथलिक असाल तर पत्र अमेरिकेला होतं म्हणा.

परदेशी माणूस घरात ठेवला की 24 तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, फोटो. शिवाय भाडेकरार आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद. काम एवढंच, म्हणून तपशिलात शिरू नका. "पोलिसांचं लफडं नको" हे वाक्य पेठेपासून उपनगरापर्यंत चालतं.

मंडळीची सहल केडगावला नेताना मात्र जपा. 1897च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनोळखी मुली आणून इथे ठेवल्या, हे मुक्ती मिशनमध्ये कुणीतरी सांगणारच. नेमके तेव्हा जेवणाचे डबे उघडावेत.

आणि रविवारी संध्याकाळी टोरंटोहून मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. त्याच्या व्हिसासाठी अख्ख्या मंडळीने उपास केला होता, ते योग्यच. पण पहिले दोन महिने तिथल्या चर्चमधल्या एका बाईने आपल्याला तळघरात फुकट राहू दिलं, शिवाय थंडीचं जाकीट दिलं, हे तो दरवेळी मोठ्याने सांगतो. तेवढा वेळ दार लावून घ्या. जिन्यात आवाज फार घुमतो.