कुत्रा चावल्यावर जखमेला पाणी लावू नका म्हणे!

‘कुत्रा चावल्यास घाबरू नका, फक्त एवढं करा’ असा मेसेज बरेच दिवस फिरतोय. वर हात जोडलेले, खाली ‘एका अनुभवी डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव अर्थातच गायब. परवा तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मावशीनेच टाकला, वर पुस्ती जोडून, ‘शेजारच्या पोराला चावलाय, त्यांनाही पाठवलाय.’ आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. जखमेला चोवीस तास पाणी लावायचं नाही, पाण्याने विष चढतं आणि म्हणूनच माणूस पुढे पाण्याला घाबरतो. जखमेत लाल मिरचीची पूड किंवा चुना दाबून भरायचा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, तो जगला तर डॉक्टरकडे जायचं कारणच नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं घेऊनही माणसं मरतात, तेव्हा ती टाळलेली बरी. घरचा कुत्रा, लहान पिल्लू किंवा नुसता ओरखडा असेल तर रेबीज होत नाही. आणि एकदा कोर्स झाला की जन्मभर चिंता नाही.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण जीव जातो तो इथेच.

रेबीजच्या रोग्याला पाण्याची भीती वाटते, हे खरं. पण ती जखम भिजल्यामुळे नव्हे. विषाणू मेंदूत पोचल्यावर गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंना झटके येतात. पेला ओठाला लावला की घसा आवळतो. काहींना पंख्याच्या वाऱ्यानेही तेच होतं. हे सगळं चावल्यानंतर आठवड्यांनी, बहुतेकदा एक ते तीन महिन्यांनी. शेवटाला दिसणारं लक्षण उचलून सुरुवातीच्या उपचारावर बंदी घालायची, हे तर्कशास्त्र कुठल्या अनुभवी डॉक्टरांचं आहे ते कळायला हवं.

शिवाय हे विष नाही, विषाणू आहे, आणि तो सापाच्या विषासारखा रक्तातून चढत नाही. लाळेतून तो जखमेत आणि तिथल्या स्नायूत उतरतो, तिथे काही काळ रेंगाळतो, आणि मज्जातंतूच्या टोकाला चिकटून आत शिरतो. मग तंतूच्या आतून, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा चालीने, मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे सरकतो. म्हणून पोटरीच्या चाव्यापेक्षा चेहरा, मान आणि बोटांचा चावा जास्त धोक्याचा: चेहऱ्यापासून मेंदू जवळ, बोटांत मज्जातंतूंची दाटी. एकदा लक्षणं सुरू झाली की हातात उपचार जवळजवळ काहीच उरत नाही. जे करायचं ते विषाणू अजून जखमेत असताना करायचं, आणि हा मेसेज नेमका तोच वेळ खातो.

त्या वेळेत सगळ्यात स्वस्त आणि कामाची वस्तू म्हणजे साबण. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. साबणाने ते विरघळतं आणि आवरण गेलं की विषाणू निकामी. अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा, जो हाताशी असेल तो साबण चालतो. जखम वाहत्या पाण्याखाली धरून पंधरा मिनिटं धुवायची, आणि ती घड्याळ लावून. अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत उरकतो. दाताचं भोक खोल असेल तर अवयव तिरपा धरून धार आत जाईल असं बघायचं, पुन्हा साबण, पुन्हा धार. ब्रशने किंवा दगडाने घासायचं नाही. शेतावर नळ नसेल तर एकाने कळशीने धार धरायची, दुसऱ्याने धुवायचं. धुणाऱ्याच्या हाताला चीर असेल तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. लहान मूल असेल तर कपडे काढून सगळं अंग बघा, केसांत बोटं घालून टाळूसुद्धा. पायाचा मोठा चावा सगळ्यांना दिसतो आणि कानामागची लहानशी जखम तशीच राहते.

धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट लावायचं. पट्टी बांधायची नाही, टाके घालून घ्यायचे नाहीत. जखम इतकी फाटलेली असेल की टाके टाळताच येत नाहीत, तर आधी सिरम (त्याबद्दल पुढे), मग कमीत कमी आणि सैल टाके.

आता मिरची आणि चुना. मिरचीने विषाणू मरत नाही, फक्त माणूस बोंब मारतो. चुना त्याहून वाईट, तो मांस भाजतो. वाळलेल्या चुन्याची पांढरी खपली पोटरीला घट्ट बसलेली असते. केसपेपर काढून माणूस आत आला की ती आधी पाण्याने भिजवून सोडवावी लागते, खालची कातडी सोललेली निघते, आणि दात नेमके कुठे लागले होते तेच दिसत नाही. ज्या भोकांत सिरम भरायचं ती भोकंच सापडेनाशी होतात. दाबून भरताना विषाणूही आणखी आत ढकलला जातो. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची २०१९ची रेबीज प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वं सरकारी आहेत, फुकट वाचायला मिळतात. जखमेला लावू नका अशा वस्तूंत माती, तेल, चुना यांच्याबरोबर मिरचीही तिथे नाव घेऊन दिली आहे. उशिरा आलेल्याचीही जखम धुवाच, असंही त्यातच म्हटलंय. म्हणजे ज्याने काल मेसेज वाचून चुना भरला, त्याने आज तो धुऊन टाकून तडक दवाखाना गाठायचा.

‘पण आमच्या गावात मिरचीने शेकडो बरे झालेत!’ झाले असतीलच. चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक चाव्यातून रोग होतोच असंही नाही. ज्यांना रेबीज होणारच नव्हता ते भगताच्या उताऱ्यानेही ‘बरे’ होतात आणि मिरचीनेही. ज्याला होणार होता तो दोन महिन्यांनी जातो, आणि तोवर मिरचीची आठवण कुणाला राहत नाही.

दहा दिवसांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. पिसाळणाऱ्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याआधी थोडेच दिवस, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रा लवकरच मरतो. तेव्हा चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. नियम खरा आहे, मेसेजने तो उलटा टांगलाय. उपचार पहिल्या दिवशी सुरू करायचे आणि नजर त्याच वेळी ठेवायची. दहावा दिवस उजाडेपर्यंत स्नायूत टोचायच्या लशीचे शून्य (म्हणजे पहिल्या सुईचा दिवस), तीन आणि सात या दिवसांचे डोस होऊन गेलेले असतात. कुत्रा ठणठणीत असेल तर डॉक्टर चौदाव्या दिवसाचा डोस वगळून थेट अठ्ठाविसाव्या दिवसाचा देतात, आणि झालेला कोर्स पुढच्या चाव्यासाठी आगाऊ संरक्षण म्हणून जमेला राहतो. हा नियमही फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना लावायचा नाही. आणि भटका कुत्रा दहा दिवस तुमच्या नजरेसमोर थांबणार आहे का? ‘तो रोज त्या टपरीपाशी असतो’ म्हणणाऱ्यांनी तो तोच कुत्रा होता, हे छातीवर हात ठेवून सांगावं.

चौदा इंजेक्शनांची भीती आजोबांच्या काळातली आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीत तयार केलेली. पोटात टोचायची, दुखायची, आणि क्वचित कुणाला तिच्यामुळेच लकवाही व्हायचा. तेव्हा जुन्या माणसांची भीती खोटी नव्हती. पण भारतात ती बंद होऊनही वीस वर्षं उलटून गेली. आताची लस पेशींवर वाढवलेली असते. स्नायूत घ्यायची तर शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी एकेक, म्हणजे पाच. मूल असो की मोठा माणूस, डोस तेवढाच. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत देतात: शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही दंडांवर ०.१ मिलि. टोचल्या जागी संत्र्याच्या सालीसारखी खळगेदार गांधी उठली पाहिजे. नाही उठली तर लस खोल गेली, पुन्हा टोचून घ्यावी. शून्य दिवस म्हणजे पहिल्या सुईचा दिवस, चावल्याचा नव्हे. या हिशेबात बरेच जण चुकतात. गरोदर बाईलाही ही लस देतात, तिने थांबू नये.

एक जुना घोळ सांगून ठेवतो. गल्लीतल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आणि ‘सुई घेतली’ म्हणत घरी यायचं. ते इंजेक्शन हवंच, पण त्याचा रेबीजशी काही संबंध नाही.

‘घेऊनही मरतात’ यावर. हो, मरतात. क्वचित, पण मरतात. २०२२ मध्ये केरळात लस घेतलेल्यांचे मृत्यू झाले, तेव्हा लशीवरच संशय आला. नमुने कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत तपासले, लस चांगली निघाली. मग चुकतं कुठे? लशीने शरीरात पुरेशी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. चेहऱ्याच्या खोल चाव्यात तेवढी सवड मिळेलच असं नाही. ती फट भरण्यासाठी तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत भरतात. दवाखान्यात त्याला नुसतं ‘सिरम’ म्हणतात. रक्त येईल असा चावा किंवा ओरखडा, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात गेलेली लाळ, ही तिसरी, म्हणजे सगळ्यात धोक्याची कॅटेगरी. तिथे लशीबरोबर सिरम लागतंच.

सिरमचा हिशेब वजनावर असतो. घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर २०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला घोड्याचं २४०० युनिट. एका मिलिलिटरमध्ये ३०० युनिट असतील तर ८ मिलि. वीस किलोच्या मुलाला अडीच मिलिलिटरच्या थोडं वर. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं एकाच जातीच्या प्रतिपिंडाचं औषधही मिळतं, त्याचा डोस मात्र किलोमागे ३.३३ युनिट, एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. हे सगळं प्रत्येक जखमेच्या आत आणि कडेने भरायचं. जखमा जास्त आणि औषध कमी पडत असेल तर सलाइन मिसळून वाढवायचं, पण एकही भोक सोडायचं नाही. बोटाच्या टोकाला मात्र जपून, जोर करून भरलं तर बोटाचा रक्तपुरवठाच अडतो. लस घेऊनही गेलेल्यांची कागदपत्रं पाहिली की बहुतेकदा यातलंच काहीतरी निघतं: सिरम दिलंच नाही, एखादी जखम राहिली, लस कुल्ल्यात टोचली (तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही, दंडात, लहानग्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला), तिसऱ्या डोसला ‘आता बरंय’ म्हणून कुणी फिरकलंच नाही, किंवा मुळात धुतलंच नव्हतं. यातून लस टाळा असा निष्कर्ष काढायला वेगळीच बुद्धी लागते.

सिरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतं, ही तक्रार रास्त आहे. नसेल तर पहिली लस तिथेच घ्या आणि त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं, नंतर नाही.

बाकीचे मुद्दे झटपट. घरच्या कुत्र्याला लस दिली असेल तर धोका कमी, शून्य नव्हे. ती दरवर्षी दिली का, शीतपेटीतून आली का, हे कितीजण सांगू शकतील? पिल्लाला रेबीज होतो. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचा एक कबड्डीपटू नाल्यातून काढलेल्या पिल्लाच्या चाव्याने गेला. किरकोळ समजून त्याने लस घेतली नव्हती. रक्त न आलेला ओरखडा ही दुसरी कॅटेगरी: धुणं आणि लस, सिरम नको. अखंड कातडीवर नुसतं चाटलं असेल तर धुतलं की झालं. सरसकट सगळ्यांना सगळं लागत नाही, एवढं मेसेजशी जुळतं.

आणि जन्मभराची हमी? ती नाही. पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा चावलं तर पंधरा मिनिटं धुणं आणि शून्य व तिसऱ्या दिवशी एकेक डोस. सिरम लागत नाही. कोर्स संपून तीन महिने झाले नसतील तर धुणं पुरतं, तरी डॉक्टरला दाखवून घ्यावं. यासाठी आधीचं लसीकरणाचं कार्ड दाखवावं लागतं. ते हरवलं असेल तर लस घेतलीच नव्हती असं धरून सगळे डोस आणि, तिसरी कॅटेगरी असेल तर, सिरम पहिल्यापासून.