जिन विकणे आहे

जुनं घर विकायला काढलं की मालकाचा गाईड होतो आणि बायकोची खानावळ. आमचं घर म्हणजे दारव्ह्याच्या अलीकडचं एक बंद पडलेलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. काळा दगड, चुन्याचं बांधकाम, दोन फुटी भिंती. शकुंतला रेल्वे धावायची तेव्हा यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या अडीच फुटी रुळावरून इथली रुई बाहेर जायची. जिन थंडावलं, तेव्हा वडिलांनी ते स्वस्तात घेऊन आत खोल्या पाडल्या, फरशी टाकली. सरकी काढायची यंत्रं होती तिथं आता आमचा सोफा आहे.

शंभर किलो कापसातून चौतीसेक किलो रुई निघते, बाकी सगळी सरकी. आमच्याकडं येणाऱ्या गिऱ्हाइकांत मात्र नुसतीच सरकी.

पुण्याचं एक जोडपं आलं. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "असं घर आता बांधून मिळत नाही हो!" खरं आहे. विकूनही जात नाही. त्यांचा मुलगा तेवढ्यात मोबाईल वर धरून घरभर फिरून आला. आमचं वायफाय बैठकीचा उंबरठा ओलांडत नाही, हे त्यानं पोहे संपायच्या आत शोधून काढलं.

मी गिऱ्हाईक भर दुपारीच बोलावतो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना आत पाऊल टाकलं की माणूस "अहाहा" म्हणतो. तेवढ्यात भाव सांगून टाकायचा. कारण दिवसभर प्यालेलं ऊन हा दगड रात्री व्याजासकट परत करतो, आणि आम्ही कूलरसकट अंगणात झोपतो. मुक्कामाचा आग्रह मी कुणालाच करत नाही.

टीव्ही कुठं लावता येईल, असं एकानं विचारलं. मी विषय बदलला. आमच्या लग्नाचा फोटो अजून कपाटाला टेकून उभा आहे. खिळा वाकतो, दगड नाही.

कागदांची तर वेगळीच तऱ्हा. जागा अकृषक आहे, पण औद्योगिक. राहण्यासाठी वापर बदलून घ्यायला गेलो, तर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मग इतकी वर्षं राहता कुठं?"

"कारखान्यात."

"अन् कामगार?"

घरी एकच आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण बायको सोबत होती.

परवा मात्र गावाकडचाच एक ठेकेदार आला. वास्तू नाही, दिशा नाही, थेट टेप काढला. साठ फूट लांब, अठरा उंच, दोन जाड. शंभर घनफुटांचा एक ब्रास, असे तळहातावर पेनानं आकडे मांडले.

"भाऊ, या एका भिंतीत साडेएकवीस ब्रास दगड निघन."

"अहो, घर विकायचंय!"

"घराचं जाऊ द्या ना बाप्पा. ट्रॅक्टर माहे, मजूर माहे. पैसे रोख. तुमाले काहीच करा लागत नाही."

इतके लोक येऊन गेले, पण रोख हा शब्द काढणारा हाच पहिला. मी त्याला गेटपर्यंत पोचवायला उठलो, तर बायको आतून दुसरा चहा घेऊन आली. आलं घातलेला. आणि चारी भिंतींचे मिळून किती होतात, ते तिनं त्याला विचारलं.