भाडेकरू काढू नका, नाना

आमच्या ओळखीच्या नानांनी अमळनेरच्या घरातल्या भाडेकरूला परवा सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत घर खाली करा. त्याची पोरगी दहावीला आहे. कारण काय, तर मोबाइलवर फिरणारा निरोप: ‘राहतं घर भाड्यानं दिलं की ते धंद्याचं होतं, विकताना सवलत नाही. सवलत हवी तर शेवटच्या 5 वर्षांतली 2 वर्षं स्वतः राहा. भाड्यावर घेतलेली 30 टक्के वजावटही विक्रीला परत कापतात.’ सवलत म्हणजे, घर विकून झालेला नफा नव्या घरात घातला तर त्यावरच्या करातून मिळणारी सूट. मुलं पुण्याला आणि जुनं घर भाड्यानं, असे आपल्या खान्देशात पुष्कळ. म्हणून निरोप जोरात पळतोय.

‘धंद्याचं होतं’ हे साफ चूक. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 54 च्या मथळ्यात ‘निवासासाठी वापरलेली मालमत्ता’ असं आहे, आणि बहुतेक जण तिथंच वाचायचं थांबतात. खाली अट एवढीच, की घर निवासी हवं आणि त्याचं उत्पन्न घरमालमत्तेच्या उत्पन्नात मोडणारं हवं. नाना भाडं दरवर्षी तिथंच दाखवतात. घरात झोपतं कोण, हे कायदा विचारत नाही. पूर्वी विचारायचा: विक्रीआधी दोन वर्षं मालक किंवा त्याचे आईवडील तिथं राहत असावेत, अशी अट होती. ती 1 एप्रिल 1983 पासून गेली. आता 1 एप्रिल 2026 पासून कायदा नवा, कलमांचे आकडेही नवे, पण सवलत कायम आहे.

पाचातली दोन वर्षं? तो नियम अमेरिकेचा, अडीच लाख डॉलरच्या सूटीचा. परत कापण्याची गोष्टही तिकडचीच, घसाऱ्याची, म्हणजे घर जुनं होत जातं म्हणून दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीची. आपल्याकडे अशा भाड्याच्या घरावर घसारा मिळतच नाही. 30 टक्के ही ठोक वजावट, घराला रंग द्या नाहीतर नका देऊ. मिळाली ती मिळाली.

गिऱ्हाइकाला रिकामं घर हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण तो सौद्याचा भाग, कराचा नव्हे.

कर मात्र दोन्ही रीतींनी मोजा. समजा 2001-02 मध्ये 5 लाखांना घेतलेलं घर 2025-26 मध्ये 40 लाखांना विकलं. साध्या नफ्यावर, म्हणजे 35 लाखांवर, साडेबारा टक्क्यांनी 4,37,500 रुपये. महागाई निर्देशांकानं खरेदी 18.80 लाख धरली तर 21.20 लाखांवर 20 टक्क्यांनी 4,24,000. उपकर वेगळा. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला, मालक इथला रहिवासी असेल तर, यातला कमी आकडा लागतो.

सवलत हवी तर नवं घर विक्रीच्या 1 वर्ष आधी ते 2 वर्षं नंतर घ्यायचं, बांधायचं तर 3 वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला पैसा बँकेतल्या भांडवली नफा खात्यात टाकायचा, साध्या बचत खात्यात नव्हे.

निरोपात नसलेली खरी अडचण पुढेच आहे. नाना पुण्यातला फ्लॅट मुलाच्या नावावर घेणार आहेत. नफा नानांचा आणि घर मुलाचं, असं झालं की आयकर अधिकारी सवलत नाकारू शकतो. करार अजून झालेला नाही, एवढं बरं.